वीस मिनिटे चालतो आणि गुदमरतो : जुन्या लहान ट्रॅक्टरच्या एका हट्टी दोषाचा शोध

जुना लहान ट्रॅक्टर घेतलेल्या माणसांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. ट्रॅक्टर सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होतो, धूर स्वच्छ असतो, आवाज एकसारखा असतो. परंतु कामाला जुंपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा दम कमी होऊ लागतो, आरपीएम खाली येतात, इंजिन दोन-चार हेलकावे खाते आणि बंद पडते. दहा मिनिटे थांबून चावी फिरवली की जणू काही घडलेच नाही अशा थाटात ते सुरू होते, आणि वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मी घेतलेल्या तीन सिलिंडरच्या, सुमारे २५ अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरने मला हा प्रकार एक संपूर्ण हंगाम दाखवला. त्या काळात मी डिझेल फिल्टर दोनदा बदलला, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा पंप) नवा बसवला, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून तपासून घेतले, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर एक-दोन दिवस नीट चालल्यामुळे दोष सापडला असे समजून मोकळा झालो. दोष मात्र मी कधी हातच न लावलेल्या एका भागात होता.

त्या हंगामात माझी मुख्य चूक भाग निवडण्यात झाली नव्हती, वेळ निवडण्यात झाली होती. जो दोष थांबल्यावर आपोआप बरा होतो, तो ट्रॅक्टर शेडमध्ये आणून, गार करून, झाकण उघडून शोधू गेल्यास सापडत नाही, कारण तोवर तो तेथे उरलेलाच नसतो. इंजिन बंद पडल्यानंतरचे पहिले मिनिट हाच त्याला पकडण्याचा काळ आहे, आणि त्या मिनिटात काय काय पाहायचे हे आधीच ठरवून कामाला निघावे लागते.

बंद कसा पडतो, हे आधी नीट पाहावे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. अशा लहान इंजिनांपैकी अनेकांत सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या-बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि तिच्या उष्णतेने डिझेल पेट घेते. त्यामुळे थंड इंजिन जर सकाळी चटकन सुरू होत असेल, तर त्याचे कॉम्प्रेशन कामापुरते बरे आहे असे धरून चालावे, आणि केवळ मध्येच बंद पडते एवढ्या कारणावरून रिंगा, व्हॉल्व्ह किंवा पिस्टन यांच्यावर संशय घेऊन इंजिन खोलायला देऊ नये. उरतात ते डिझेलचा पुरवठा, हवेचा पुरवठा, वीज आणि तापमान.

या चारांपैकी दोषी कोण, हे इंजिन कसे बंद पडते यावरून बरेचसे कळते. बटण दाबल्यासारखे ते एका क्षणात, चांगल्या आरपीएमवरून, कोणतीही कुरकुर न करता बंद पडले तर विजेकडे पाहावे. ते हळूहळू दम सोडत, वरखाली होत, ॲक्सिलरेटर वाढवला तरी प्रतिसाद न देता आणि धूर जवळजवळ न सोडता बंद पडले तर त्याला डिझेल मिळत नाही. लोडवर काळा धूर दाटत जाऊन ताकद कमी होत असेल तर डिझेल पोहोचते आहे, हवा पोहोचत नाही. आणि तापमानाचा काटा चढत असताना इंजिन जड होऊन थांबले, नंतर सेल्फलाही ते जड फिरू लागले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. तो आजार वेगळा आहे आणि महागात जातो.

प्रस्तुत तक्रारीत बहुतेक वेळा दुसरा प्रकार दिसतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग डिझेलच्या वाटेवर खर्च केला आहे.

पहिले मिनिट : टाकीचे झाकण

इंजिन गुदमरून बंद पडताच ट्रॅक्टर सपाट जागी असल्याची खात्री करावी, हँडब्रेक ओढावा, पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) सोडावा, अवजार जमिनीवर टेकवावे, आणि मग दुसऱ्या कशालाही हात न लावता डिझेल टाकीचे झाकण सावकाश उघडावे. कान झाकणाजवळ ठेवावा. आत हवा शिरताना 'स्स्स' असा आवाज आला, किंवा झाकण फिरवताना कोणी आतून धरून ठेवल्यासारखे वाटले, तर लगेच सेल्फ मारून पाहावा. गार होण्याची वाट न पाहता इंजिन सुरू झाले आणि तेवढ्याच लोडवर चालू लागले, तर दोष टाकीत हवा जाण्याच्या छिद्रात आहे.

माझ्या ट्रॅक्टरचा दोष हाच होता. आधीच्या मालकाने हरवलेल्या झाकणाच्या जागी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचे झाकण बसवले होते. ते आट्यांमध्ये नेमके बसत होते, रबरही चांगले होते, फक्त त्याला श्वासाचे छिद्र नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला ते मूळ झाकणापेक्षा अधिक चांगले वाटावे इतके ते घट्ट बसे.

एवढ्याशा छिद्राने इंजिन कसे बंद पडते, हे एकदा हिशेब मांडून पाहण्यासारखे आहे. सुमारे २५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण लोडवर तासाला अंदाजे साडेपाच लीटर, म्हणजे मिनिटाला ९० मिलिलीटरच्या आसपास डिझेल जाळते. टाकीत डिझेलच्या वर १० लीटर मोकळी जागा आहे आणि हवा आत जायला वाट नाही असे धरले, तर दहा मिनिटांत ती मोकळी जागा सुमारे १०.९ लीटर होते, आतली हवा तेवढी विरळ होते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी उतरतो. डिझेलच्या भाषेत ही ओढ जवळपास एक मीटर उंचीच्या स्तंभाइतकी होते. अनेक लहान ट्रॅक्टरांत टाकी पंपापेक्षा जेमतेम हातभर उंच असते, म्हणजे केवळ उंचीमुळे डिझेल खाली येण्याचा जो जोर असतो तो अर्ध्या वाटेतच संपतो. यापुढे सगळा भार फीड पंपावर येतो. तो काही काळ ओढतो आणि मग हरतो. झाकणाच्या कडेने थोडी हवा झिरपत असेल, किंवा टाकी प्लास्टिकची असून आत दबत असेल, तर हीच वेळ वीस मिनिटांवर किंवा अर्ध्या तासावर जाते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात आणि त्या दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसल्या नव्हत्या. पहिली अशी की टाकी काठोकाठ भरलेली असताना मोकळी जागा कमी असल्याने ट्रॅक्टर लवकर बंद पडतो आणि टाकी अर्धी असताना उशिरा; मी मात्र भरलेल्या टाकीला निर्दोष समजत होतो. दुसरी अशी की रिकाम्या आरपीएमवर इंजिन जेमतेम तासाला लीटरभर डिझेल घेते, त्यामुळे शेडमध्ये तासभर नुसते चालू ठेवून घेतलेल्या परीक्षेत ते उत्तम चालते. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी झाकण उघडले होते, डिझेल अर्धे काढले होते आणि हलके काम घेतले होते. दुरुस्ती यशस्वी झाल्याचा भास त्यातूनच निर्माण झाला.

मूळ झाकण असेल तर त्याचे छिद्र शोधावे. ते दरवेळी वरून आरपार दिसत नाही. काही झाकणांत ते आतल्या पत्र्याखाली वळणावळणाने जाते, काहींत लहानसा व्हॉल्व्ह असतो. झाकण डिझेलमध्ये भिजवून, मऊ ब्रशने घासून, हवा मारून मोकळे करावे. ज्या ट्रॅक्टरांत झाकणाऐवजी टाकीवरून निघणारी वेगळी बारीक नळी हे काम करते, तेथे तिचे मोकळे टोक बॉनेटखाली शोधावे लागते आणि त्यात बऱ्याचदा कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले सापडते. झाकणाला स्वतःच मोठे भोक पाडण्याचा उपाय मात्र करू नये, कारण त्या वाटेने पावसाचे पाणी आणि धूळ टाकीत जाते आणि एक दोष मिटवून दुसरा विकत घेतला जातो. मी काही दिवस झाकण अर्धा आटा सैल ठेवून काम चालवले आणि मग योग्य झाकण मिळवले.

झाकण निर्दोष असेल तर : स्वतंत्र कॅनची परीक्षा

झाकण उघडूनही इंजिन लगेच पूर्ववत झाले नाही, तर एकेक भाग बदलत जाण्यापेक्षा संपूर्ण वाट मधोमध तोडून पाहणे शहाणपणाचे ठरते. स्वच्छ कॅनमध्ये पाच-सहा लीटर गाळलेले डिझेल घ्यावे आणि तो इंजिनपेक्षा उंच, सायलेन्सरपासून आणि फिरत्या पंख्यापासून दूर, पक्का बांधावा. त्यातून नवी नळी थेट फिल्टरच्या तोंडाशी, किंवा फीड पंप फिल्टरच्या आधी असल्यास पंपाच्या तोंडाशी जोडावी. नोझल आणि इंजेक्शन पंप (डिझेल मोठ्या दाबाने नोझलकडे पाठवणारा पंप) यांच्याकडून टाकीत परत जाणारा ओव्हरफ्लोचा पाईपही त्याच कॅनमध्ये सोडावा. तो जुन्या टाकीतच राहू दिला तर कॅन अपेक्षेपेक्षा फार लवकर रिकामा होतो आणि परीक्षेचा अर्थ चुकीचा लागतो. आता हवा काढून नेहमीच्या लोडवर काम करावे. कॅन जोडलेल्या ट्रॅक्टरवर उताराचे किंवा खडबडीत जमिनीचे काम घेऊ नये.

या जोडणीवर ट्रॅक्टर नेहमीच्या वेळेच्या दुप्पट चालला, तर टाकी, टाकीतील जाळी, कॉक आणि तिथपर्यंतचा पाईप एवढ्यातच दोष आहे. तरीही बंद पडला, तर दोष पुढे आहे. या एका परीक्षेने मला जेवढे सांगितले तेवढे तोवर बदललेल्या सगळ्या भागांनी मिळून सांगितले नव्हते, आणि तिला लागले ते एक कॅन आणि दोन हात नळी.

टाकीकडे दोष निघाल्यास मापाची परीक्षा घ्यावी. इंजेक्शन पंपाकडे जाणारा पाईप सोडून तो खुणा केलेल्या बाटलीत धरावा, फीड पंप विजेचा असेल तर चावी देऊन तो चालू करावा, आणि टाकीचे झाकण लावलेलेच ठेवून एका मिनिटात किती डिझेल येते ते मोजावे. नेमका आकडा त्या यंत्राच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावा; पण इंजिनाला मिनिटाला ९० मिलिलीटर लागतात हे लक्षात घेतल्यास, त्याच्या कितीतरी पट, निदान अर्धा लीटर तरी, आले पाहिजे हे उघड आहे. एका मिनिटावर मात्र थांबू नये. बाटली रिकामी करत आठ-दहा मिनिटे मोजत राहावे, कारण येथेही दोष वेळ घेऊन प्रकट होतो. धार सुरुवातीला अंगठ्याएवढी असते आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला ती दोऱ्यासारखी होते, हे एकदा पाहिले की शंका राहत नाही. त्या क्षणी झाकण उघडावे. धार फुगली तर श्वासाचे छिद्र. फुगली नाही तर टाकीच्या तोंडाशी काहीतरी येऊन बसते आहे.

टाकीत फिरणारा कचरा हा या दोषाचा दुसरा मोठा सूत्रधार आहे. गंजाचा पापुद्रा, जुन्या सीलंटचा तुकडा, भरताना पडलेले पान किंवा कापडाचा धागा डिझेलबरोबर ओढला जाऊन तोंडावर बसतो. इंजिन थांबले की ओढ संपते आणि तो पुन्हा सुटून तरंगू लागतो. पाईपमधून उलटी हवा मारली की ट्रॅक्टर दोन दिवस छान चालतो, आणि याच कारणाने उलटी हवा मारणे हा उपाय लोकप्रिय झाला आहे, वास्तविक त्याने कचरा टाकीतच परत ढकलला जातो. टाकी पूर्ण रिकामी करावी, निघालेले डिझेल पांढऱ्या कापडातून गाळावे आणि कापडावर काय उरले ते उन्हात पाहावे. आत पाहण्यासाठी बॅटरीचाच दिवा वापरावा. टाकी डिझेलनेच खंगाळावी. पाण्याने किंवा पेट्रोलने ती धुऊ नये. जाळी टाकीच्या तोंडाशी असते तशी ती कधी कधी कॉकच्या मागे, पंपाच्या तोंडात किंवा पाईपच्या पोकळ बोल्टमध्येही लपलेली असते आणि फिल्टर बदलणाऱ्याच्या नजरेस ती येत नाही.

काढलेला जुना फिल्टर फेकून देण्याआधी त्याचा पत्रा कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. तपकिरी पूड दिसली तर टाकी गंजते आहे. काळसर, बोटाला बुळबुळीत लागणारा आणि कुजका वास येणारा थर दिसला, तर टाकीच्या तळाशी पाणी साचून पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढले आहेत. अशा वेळी एक फिल्टर बदलून भागत नाही. पाणी काढावे, टाकी साफ करावी, त्यासाठी मिळणारे जंतुनाशक डिझेलमध्ये सांगितलेल्या प्रमाणात घालावे आणि पुढचे एक-दोन फिल्टर लवकर भरतील हे गृहीत धरावे. कामानंतर टाकी भरून ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडते, कारण रिकाम्या जागेतील दमट हवाच रात्री गार होऊन पाण्याचे थेंब सोडते.

हवा धरणे

कॅनच्या परीक्षेत दोष पुढे निघाला, किंवा टाकी साफ असूनही इंजिन वरखाली होत राहिले, तर डिझेलमध्ये हवा शिरते आहे का ते पाहावे. पंपाच्या ओढीकडच्या बाजूला, म्हणजे टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये, फटीतून डिझेल बाहेर येईलच असे नाही. ट्रॅक्टर चालू असताना तेथून हवा आत जाते. त्यामुळे सगळे जोड बाहेरून कोरडे दिसतात आणि मेकॅनिकही फसतो.

इंजेक्शन पंपाच्या अगदी अलीकडे वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवावी. सुरू केल्यावर पहिले मिनिट-दोन मिनिटे अधूनमधून बुडबुडा जाणे साहजिक आहे. इंजिन पाच मिनिटे चालल्यावरही मोहरीएवढे बुडबुडे माळेसारखे एकामागून एक सरकत राहिले, तर गळती आहे. पहिला संशय रबरी नळ्यांवर घ्यावा. त्या वरून गुळगुळीत असतात, परंतु क्लिप सोडून नळी वाकवली की क्लिपखालच्या भागात बारीक चिरा उघडतात. या नळ्या दर २ वर्षांनी बदलाव्यात असे काही उत्पादकांच्या पुस्तिकांतच लिहिलेले असते, आणि जुन्या ट्रॅक्टरवर त्या बऱ्याचदा यंत्राच्या वयाच्याच असतात. त्यानंतर फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग पाहावी. फिल्टर बदलताना जुनी रिंग वरच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते, हे मी स्वतः केले आहे. पोकळ बोल्टांखालचे तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात. ते नवे घालावेत, किंवा निदान लालसर होईपर्यंत तापवून, गार करून मऊ करून घ्यावेत.

या ठिकाणी एक फसगत होते. टाकीचे छिद्र बंद असल्यामुळे पाईपमध्ये ओढ वाढली की एरवी नीट असलेले जोडही हवा धरू लागतात, आणि पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात. म्हणजे दोष झाकणात, पण पुरावा नळ्यांविरुद्ध. मी सगळ्या नळ्या आणि क्लिपा बदलल्या त्या याच पुराव्यावर. बुडबुड्यांची परीक्षा म्हणून नेहमी झाकण सैल करून घ्यावी.

हवा काढण्याची रीत बहुतेकांना माहीत असते, तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. फिल्टरवरील स्क्रू, मग इंजेक्शन पंपावरील स्क्रू आणि शेवटी गरज पडलीच तर नोझलकडचे नट, हा क्रम पाळावा. नोझलचे नट सैल असताना सेल्फ मारल्यास तेथे हात किंवा चेहरा आणू नये, कारण या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते आणि ती इजा दिसायला लहान असली तरी तातडीने रुग्णालयात दाखवण्याची असते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक ओढू नये. दुसरी गोष्ट अशी की काही लहान इंजिनांच्या पंपावर हवा काढण्यासाठी हाताने फिरवायचा लहान कॉक असतो आणि तो काम झाल्यावर पूर्ण बंद करावा लागतो. तो उघडा राहिला तर डिझेल टाकीकडे परत वळते आणि इंजिन बंद पडते. दुरुस्तीनंतर पूर्वीपेक्षा लवकर बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरवर हा कॉक आधी पाहावा.

वीज, उष्णता आणि उरलेले संशयित

इंजिन एकदम बंद पडत असेल तर डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या खटक्याच्या) तारेवर चाचणीचा लहान दिवा जोडून तो सीटवरून दिसेल असा बांधावा. बंद पडण्याच्या क्षणी दिवा विझला, तर चावीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा सीट आणि पीटीओवरील सुरक्षा स्विच यांपैकी कोणीतरी वीज तोडतो आहे; खड्ड्यात चाक गेल्यावरच बंद पडणारा ट्रॅक्टर पुष्कळदा सीटखालच्या स्विचमुळे बंद पडतो. दिवा चालूच राहिला तर सोलेनॉइडची गुंडाळी गरम होऊन सोडते आहे. काही ट्रॅक्टरांत सोलेनॉइडला वीज मिळाली की इंजिन बंद होते. तेथे दिव्याचा अर्थ उलटा घ्यावा. विजेच्या फीड पंपालाही असाच दिवा लावता येतो, आणि बंद पडल्यावर चावी देऊन त्याची टकटक ऐकणे तर त्याहून सोपे आहे. सुरक्षा स्विच त्रास देतो म्हणून तो कायमचा जोडून टाकण्याचा सल्ला कोणी देईल. तो मानू नये.

उष्णतेच्या बाबतीत लहान ट्रॅक्टरांचे रेडिएटर भुसा आणि गवताचे तूस यांनी जाळीमागे गच्च भरतात. समोरची जाळी साफ दिसते आणि तिच्यामागची पानेच बंद असतात. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलकी हवा मारावी, जोरदार पाण्याने पाने वाकतात. काळा धूर असेल तर एअर क्लीनरबरोबरच तेथून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी दाबून पाहावी, कारण जुनी झाल्यावर ती गरम होऊन मऊ पडते आणि ओढीने आत चिमटते.

इंजेक्शन पंपाची झीज हा सर्वांत शेवटचा संशयित असावा. त्याचा प्लंजर (आतला दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यामधली जागा दोन-तीन मायक्रॉनची असते. ती वाढली की गरम, पातळ झालेले डिझेल तेथूनच परत निसटते. ओळखण्याची खूण अशी की असे इंजिन चालू असताना सहसा गुदमरत नाही, बंद केल्यावर मात्र गरम असेपर्यंत सुरू होत नाही. इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके काही मिनिटे ठेवले आणि ते सुरू झाले, तर पंप तपासायला द्यावा. चालू किंवा तापलेल्या पंपावर पाणी ओतू नये, आतले भाग अडकतात. येथे टाकीचे झाकण आधी उघडून ठेवलेले असावे हे ओघाने आलेच, अन्यथा त्या मिनिटांत टाकीने श्वास घेतला की पंप गार झाला, हे सांगता येणार नाही.

हे सगळे विकत घेण्याआधी कळले असते का

बऱ्याच अंशी कळले असते. मी ट्रॅक्टर पाहायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते, चाचणी रिकाम्या आरपीएमवर झाली आणि ती दहा मिनिटांची होती. आता मी जाण्याआधी इंजिन सुरू करू नका असे सांगतो, पोहोचताच इंजिनावर हात ठेवून पाहतो, टाकी काठोकाठ भरून घेतो, झाकण घट्ट लावतो, आणि पीटीओवर खरे काम देऊन ट्रॅक्टर पाऊण तास चालवण्याचा आग्रह धरतो. विक्रेता याला तयार नसेल तर त्यातूनही उत्तर मिळते.

त्याहून अधिक सांगतात ते नवे भाग. धुळीने माखलेल्या इंजिनावर एकटाच चकचकीत फिल्टर, नवा फीड पंप, ताज्या क्लिपा आणि पान्याने कडा गोल झालेले हवा काढायचे स्क्रू दिसले, की देखभाल चांगली होती असे न समजता, कोणीतरी येथे काहीतरी शोधत होते आणि ते बहुधा सापडले नाही असे समजावे. माझ्या ट्रॅक्टरवर हे सगळे होते आणि मी ते किमतीत जमा धरले होते. 'गरम झाला की जरा थांबवावा लागतो' हे विक्रेत्याचे वाक्यही मी ऐकले होते. या दोषासाठी ट्रॅक्टर सोडून द्यावा असे माझे मत नाही, कारण दोषाचे मूळ सापडल्यास उपाय बहुधा स्वस्तच असतो. मात्र दोष मान्य करून घेऊन मगच किमतीबद्दल बोलावे.

योग्य झाकण बसवल्यावर माझा ट्रॅक्टर सहा महिने विनातक्रार चालला आणि एके दिवशी पुन्हा गुदमरला. झाकण उघडले, आवाज आला नाही. या वेळी टाकी जवळजवळ तळाला होती, आणि टाकी भरल्यावर तो दिवसभर चालला. दोन दिवसांनी टाकी पाव राहिली तेव्हा पुन्हा बंद पडला. पहिल्या दोषात भरलेली टाकी वाईट होती, या वेळी रिकामी, एवढा एकच फरक पाहून मी नळ्यांकडे आणि पंपाकडे वळलोच नाही. टाकी उतरवून कापडावर पालथी केली तेव्हा गंजाच्या चिमूटभर पुडीबरोबर नखाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा खाली आला. नव्या झाकणाच्या छिद्रावर चिकटवलेल्या संरक्षक पट्टीचा तो कोपरा होता.